सहाशे छत्तीसवर थांबलेला लूप

स्क्रीनवर एकच ओळ होती. संशयित पीस : शून्य.

आमचे क्वालिटी मॅनेजर पाटील यांनी ती दोनदा वाचली आणि मेल लिहायला घेतली. दुपारचा दीड वाजला होता. ग्राहक कंपनीला चार वाजेपर्यंत उत्तर हवं होतं. ज्यांच्या प्रोग्रामने ते शून्य काढलं होतं, त्या वैशाली कांबळे माझ्या शेजारी उभ्या होत्या. खुर्ची रिकामी असूनही बसल्या नव्हत्या.

मी चाकणच्या एका ऑटो पार्ट कंपनीत क्वालिटी इंजिनीअर आहे. आमच्याकडे ॲल्युमिनियमची पंप हाउसिंग बनतात. हाउसिंग म्हणजे पंपाचं बाहेरचं कवच. ते गळता कामा नये, म्हणून प्रत्येक पीसची लीक टेस्ट होते. मशीन पीसमध्ये हवा भरतं, थोडा वेळ थांबतं आणि हवा किती कमी झाली ते मोजतं. आकडा दहापर्यंत असला की पीस पास. प्रत्येक पीसच्या टेस्टची एक छोटी फाइल तयार होते आणि तिला त्या पीसचाच सिरीयल नंबर मिळतो.

त्या सकाळी ग्राहकाची तक्रार आली होती. दसऱ्याच्या आसपास बनलेल्या लॉटमधला एक पीस त्यांच्या लाइनवर गळाला. लॉट अठराशे पीसचा होता. नंबरांचा क्रम न पाळता पाठवलेले बाराशे त्यांच्याकडे पोहोचले होते, बाकीचे सहाशे कागदोपत्री आमच्या स्टोअरमध्ये होते. पास झालेल्यांपैकी ज्यांचा आकडा आठच्या वर आहे, म्हणजे जे काठावर पास झाले, त्यांची यादी त्यांना हवी होती. यादी मिळाली नाही तर सगळे अठराशे पीस हाताने पुन्हा तपासायचे.

एरवी हे काम दोन माणसं दिवसभर करतात. फाइल उघडा, आकडा बघा, बंद करा. मी दर शनिवारी ट्रेनिंग रूममध्ये इच्छुकांना प्रोग्रामिंग शिकवतो. त्या वर्गात वैशालीताई चार महिने येत होत्या. पुनावळ्याहून कंपनीच्या बसने येणाऱ्या, फायनल इन्स्पेक्शनच्या बेंचवर अकरा वर्षं काढलेल्या. बेंचवर आठ तास उभं राहावं लागतं. त्यांच्या टाचा गेल्या होत्या आणि डॉक्टरांनी उभ्याचं काम बंद करायला सांगितलं होतं. क्वालिटीच्या डेटा डेस्कवर एक जागा रिकामी होती. पाटील सकाळी म्हणाले होते, "ताई, ही यादी बरोबर काढा. सोमवारपासून डेस्क तुमचं. नाहीतर मला बाहेरून माणूस घ्यावा लागेल."

अर्ध्या तासात त्यांनी प्रोग्राम लिहिला. चालवला. शून्य.

"छान," पाटील म्हणाले. "म्हणजे तो एकच पीस खराब होता. लॉट क्लीन."

मी विचारलं, "सर, त्यांचा गळलेला पीस यादीत आहे का?"

"यादी रिकामी आहे, राव. दिसतंय ना."

"तो पीस याच लॉटचा आहे. नंबर एक हजार चारशे बासष्ट. त्याची फाइल उघडून बघू."

उघडली. आकडा नऊ पूर्णांक एक. यादीत निदान तो एक तरी असायला हवा होता. पाटील यांनी कीबोर्डवरून हात काढले. वैशालीताईंकडे न बघता ते म्हणाले, "दोन-अडीच तास आहेत. मी दोन माणसं हाताने फाइल तपासायला बसवतो." आणि केबिनबाहेर गेले.

वैशालीताई हळूच म्हणाल्या, "सर, माझ्या लक्षात यायला हवं होतं. अकरा वर्षांत असा लॉट बघितला नाही, ज्यात काठावरचा एकही पीस नाही."

"चूक नंतर शोधू. आधी सांगा, प्रोग्रामने फाइल किती वाचल्या?"

"सगळ्या."

"कशावरून?"

त्यांनी खुर्ची ओढली. बसल्या आणि प्रोग्राममध्ये मोजणीची एक ओळ घातली. पुन्हा चालवला. वाचलेल्या फाइल : सहाशे छत्तीस.

इथे लूप म्हणजे काय ते सांगायला हवं. एकच सूचना कॉम्प्युटरला पुन्हा पुन्हा पाळायला लावायची, आणि कधी थांबायचं तेही सांगायचं, याला लूप म्हणतात. शिकणारे पहिल्या भागावर मेहनत घेतात. चुका बहुतेक दुसऱ्या भागात असतात. वैशालीताईंचा लूप साध्या मराठीत असा होता : एक नंबरपासून सुरू कर. त्या नंबरची फाइल असेल तोवर वाच आणि पुढचा नंबर घे. फाइल नसेल तर लॉट संपला, थांब.

हा विचार त्यांनी लाइनवरून आणला होता. आमच्याकडे पीस ट्रेमधून पुढे जातात. मधला कप्पा रिकामा ठेवायचा नाही, हा लाइनचा सक्त नियम. त्यामुळे हाताला रिकामा कप्पा लागला की ट्रे संपला असं धरतात आणि पुढचा ओढतात. दिवसात शेकडो वेळा. आणखी एक गोष्ट कबूल करतो. लूप शिकवताना मी वर्गात हाच ट्रे टेबलावर ठेवला होता. "रिकामा कप्पा आला की थांबा," हे वाक्य माझंच.

"म्हणजे सहाशे सदतीसची फाइल नाही," वैशालीताई म्हणाल्या. "पीस गेला कुठे?"

फाइल नसणं ही साधी गोष्ट नव्हती. नंबर लाइनच्या पहिल्याच स्टेशनवर कोरला जातो, लीक टेस्ट शेवटी होते. नंबर आहे आणि फाइल नाही, याचा अर्थ पीस टेस्टशिवाय कुठेतरी गेला. तो ग्राहकाकडे गेला असेल तर मूळ तक्रारीपेक्षा हे प्रकरण मोठं होतं.

आम्ही लाइनवर गेलो. सुपरवायझर बाळूभाऊ जवळच्याच गावचे. त्यांच्या घरची जमीन याच एमआयडीसीत गेलेली.

वैशालीताईंनी विचारलं, "बाळूभाऊ, या लॉटचा सहाशे सदतीस नंबर स्क्रॅपला गेलाय का?"

"न्हाई. स्क्रॅपची वही हाय माझ्याकडं. एक बी न्हाई त्या लॉटात."

"मग त्याची टेस्ट कशी नाही?"

"ते मशीनला विचारा, ताई. आमी कशाला लपवतोय?"

वैशालीताईंनी लॉटच्या तारखा बघितल्या. मग त्या थेट लाइनच्या टोकाला गेल्या. तिथे भिंतीवर एक फळी आहे. फळीवर देवाची तसबीर, सुकलेला झेंडू आणि एक पंप हाउसिंग होतं, हळदीकुंकू लावलेलं. त्यांनी ते उचलून उजेडात धरलं. नंबर शून्य सहा तीन सात.

"व्हय की!" बाळूभाऊ म्हणाले. "खंडेनवमीचा पीस. पूजेच्या टायमाला मशीनवर जो असंल तो आमी देवाफुडं ठेवतो. वर्षभर. बापजाद्यांनी नांगर पुजला, आमी हे पुजतो. त्यो कसा टेस्टला जाणार?"

"वहीत लिहिला नाहीत?"

"स्क्रॅपच्या वहीत? देवाचा पीस? काय बोलताय, ताई!"

पीस कंपनीबाहेर गेलेला नव्हता. आम्ही परत आलो तेव्हा अडीच वाजून गेले होते. शेजारच्या टेबलावर बसवलेली दोघं हाताने तपासत दीडशेपर्यंत पोहोचली होती.

वैशालीताईंनी लूप पुन्हा लिहिला. आता तो असा होता : एकपासून अठराशेपर्यंत प्रत्येक नंबर घे. फाइल असेल तर वाच. नसेल तर तो नंबर वेगळा लिहून ठेव आणि पुढे जा. शेवटी सगळी मोजणी दाखव.

वाचलेल्या एक हजार सातशे अठ्ठ्याण्णव. न सापडलेली एक.

मी काही बोलायच्या आत त्या म्हणाल्या, "थांबा, सर. सतराशे नव्याण्णवच झाले. एक कमी आहे." आमच्या प्रोग्रामिंगच्या भाषेची एक खोड आहे. शेवटची मर्यादा म्हणून जो आकडा देतो, तो ती धरत नाही. त्याच्या एक आधी थांबते. त्यांनी अठराशेच्या जागी अठराशे एक लिहिलं. वाचलेल्या सतराशे नव्याण्णव, न सापडलेली एक. बेरीज अठराशे.

संशयित पीस नऊ. गळलेला पीस त्यांत होता. बाकीचे आठही त्याच्या आगेमागे बनलेले, लाइनच्या नोंदीप्रमाणे भोकं पाडणारं एकच झिजलेलं ड्रिल चालू असतानाचे. नऊपैकी पाच ग्राहकाकडे होते, चार आमच्या स्टोअरमध्ये. वैशालीताईंनी नऊच्या नऊ फाइल हाताने उघडून आकडे जुळवले. मगच पाटील यांना बोलावलं.

पाटील यांनी विचारलं, "आता खात्री काय?"

"वाचलेले, न सापडलेले आणि एकूण, तिन्ही आकडे वर लिहिलेत, सर. जुळले नाहीत तर मेल पाठवू नका."

साडेतीनला मेल गेली. ग्राहकाकडून एकच प्रश्न आला : न सापडलेला पीस कुठे आहे? पाटील यांनी फळीचा फोटो पाठवला. पाच मिनिटांत उत्तर आलं, "ठीक. कृपया हा पीस डिस्पॅच करू नये." अठराशेंची फेरतपासणी टळली. सोमवारी वैशालीताई डेटा डेस्कवर बसल्या.

तेव्हापासून आमच्या विभागात "दोष शून्य" असा रिपोर्ट कोणी स्वीकारत नाही. किती तपासले हा आकडा आधी, दोष नंतर. आणि वर्गात ट्रे ठेवताना मी मधला एक कप्पा मुद्दाम रिकामा ठेवतो.

यंदा खंडेनवमीला सकाळीच डेटा डेस्कचा फोन वाजला. लाइनवरून बाळूभाऊ बोलत होते.

"ताई, पूजेला बसतोय. नंबर सांगतो, तेवढा तुमच्या लूपला सांगून ठेवा."