पंचफुलाचा बिनजातीचा हल्या

डोंगरकड्याजवळच्या एका लहानशा गावात, बौद्धवाड्याच्या टोकाला पंचफुला नावाची एक विधवा बाई राहायची. दिवसभर लोकांच्या रानात खुरपायची अन् घरी आली की आपल्या हल्याशी भांडायची. रेड्याला तिकडं हल्या म्हणतात. नर रेडकू जन्मलं की गाव त्याला दुधावाचून मरू द्यायचं, दूध फुकट कोण घालवणार! हिनं मात्र आपल्या म्हशीचं नर रेडकू पोटभर पाजून वाढवलं.

"दूध इकायचं सोडून हल्या पोसून राहिली! येड लागलं का गं तुला?" शेजारची पद्माबाई म्हणायची.

"लागलं तर लागलं. तुला काहून तकलीफ?"

गावात म्हशी तऱ्हेतऱ्हेच्या. कुणाची शिंगं कोयत्यासारखी वळलेली, कुणाची आडवी पसरलेली, एखादी भुरी, एखादी ठेंगणी. पंचफुलाच्या म्हशीची शिंगं लांब, मानेवरून मागं थेट खांद्यापर्यंत गेलेली, आणि हल्याचीही तशीच. लोक तिला लांबशिंगी म्हणायचे अन् नाकं मुरडायचे, कारण दूध बेताचं. मग बहात्तरचा दुष्काळ आला. भल्याभल्या दुधाळ म्हशी दावणीला आडव्या झाल्या. वाळक्या कडब्याची धसकटं चावत ही लांबशिंगी तेवढी उभी राहिली, शिवाय व्यालीसुद्धा. तेव्हा कुठं गावाचे डोळे उघडले.

त्यानंतर माजावर आलेली म्हैस घेऊन जो तो पंचफुलाच्या दारात. अमृतराव पाटील आधी तिला लांबूनच "ए" म्हणून हाक मारायचे. आता स्वतः दावं धरून यायचे अन् विचारायचे, "पंचफुलाबाई, हल्या हाय का घरी?" बाईला ते 'बाई' फार गोड लागायचं. का लागू नये? जन्मात पहिल्यांदा कुणाला तरी तिच्या दाराची गरज पडली होती. तो हल्या होता तोवर तिला गावात मान होता, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

शहात्तर साली मुऱ्हा आला. सरकारी योजनेतला, आखूड पिळदार शिंगांचा, तुळतुळीत अंगाचा रेडा. बांधला अमृतरावांच्याच गोठ्यात. जिल्ह्याहून डॉक्टर आले, त्यांनी सांगितलं, गावठी हल्ये सगळे खच्ची करायचे, जातिवंत असेल तो तेवढा ठेवायचा. मागं अर्धं गाव घेऊन ते दारोदार फिरले. पंचफुला नुकतीच रानातून आली होती, हातात खुरपं तसंच.

डॉक्टरांनी मान वर न करताच विचारलं, "जात कोणती?"

झालं! ह्या एका सवालानं तिचं अख्खं आयुष्य जाळलं होतं. बाई उसळली. "जात न्हाई, सायेब! जात टाकून वीस वर्सं झाली. आमी बौद्ध! पुन्हा इचारू नका."

गाव खो खो हसलं. डॉक्टर म्हणाले, "बरं, जात नाही. धरा रे ह्याला."

तेव्हा तिच्या डोक्यात प्रकाश पडला. "अव सायेब, ते मी माझं सांगितलं! हल्याची जात हाय. लांबशिंगी! इचारा की ह्यांना!" तिनं अमृतरावांकडं पाहिलं. त्यांच्या गोठ्यात ह्याच हल्याच्या सात-आठ वगारी, म्हणजे माद्या रेडकं, वाढत होत्या.

अमृतरावांनी धोतराचा सोगा झटकला. "गावठीच म्हणायचा, सायेब. आमच्याकडं समदं गावठीच."

मेल्यांपैकी एकानंही तोंड उघडलं नाही! हल्या कुणाला आवरेना, तेव्हा तिलाच पुढं ढकललं. तिनं मानेवर हात ठेवला, तसा तो गरीब उभा राहिला. खच्ची करायचा चिमटा बसला तसा एकदाच ओरडला. पंचफुला त्या दिवशी जेवली नाही, नुसती शिव्या देत बसली. दारात यायचे ते पाय त्या दिवसापासून थांबले, आणि 'बाई'ची पुन्हा 'ए' झाली.

तीन उन्हाळे गेले. मुऱ्ह्याला इथलं ऊन सोसेना. दुपारी अंगावर पाणी ओतल्याशिवाय तो उठायचाच नाही. म्हशी गाभ न धरता उलटू लागल्या, दोन तर विताना अडून मेल्या. मग एके सकाळी अमृतराव पंचफुलाच्या दारात येऊन उभे राहिले.

"पंचफुलाबाई, त्या हल्याचं एखादं नर रेडकू ठेवलं असशील ना गं तू?"

"माझी म्हैस म्हातारी होऊन मेली, पाटील. ती पुन्हा व्यालीच न्हाई. तुमच्या गोठ्यात त्याची किती पिल्लं झाली! त्यातलं एक तरी पोरगं जगू दिलं का तुमी?"

अमृतरावांनी हल्याकडं पाहिलं. म्हणाले, "मग आता कसं करायचं?"

पंचफुलानं हल्याला गाडीला जुंपलं. गाडीवर रिकामं टिपाड होतं. पोटासाठी ती त्याच्याकडून पाणी वाहून घ्यायची.

"करायचं काय? तुमच्या मुऱ्ह्याच्या आंघोळीचं पाणी माझाच हल्या वाहून राहिला. सरका, ऊन व्हायच्या आत नदीवर जायचंय."

अमृतराव बाजूला सरकले.