साडूचा ओरिजिनल कलर

खोटं कशाला बोलू, मी जळलो. एखादा दिवस नाही, चांगले सहा महिने. माणसं दुसऱ्याच्या बंगल्यावर जळतात, पगारावर जळतात. मी जळत होतो साडूच्या गंजक्या सायकलवर.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. तो कतारगामला हिरे घासतो, मी उधन्याला लूमचा मास्तर. कुणाचा लूम बंद पडला की मला हाक येते. दोघंही मूळचे खानदेशातले, आणि सुरतेत आमची घरं रेल्वेच्या एका पुलाच्या अंतरावर. मोडीत काढलेल्या जहाजांचं सामान विकणाऱ्या एका गोदामात आम्हाला दोन सायकली दिसल्या. जाड टायरच्या, पुढं तीन चकत्या, अंगठ्यानं गियर बदलायचे, डोंगरात चालवायच्या, तीसेक वर्षांपूर्वीच्या सायकली. कुणी खलाशी बंदरात उतरून फिरवत असतील. दोन्ही एकाच निळ्या रंगाच्या, दोन्ही खाऱ्या हवेनं खाल्लेल्या. एक मी घेतली, एक त्यानं.

"परत बहिणी-बहिणीच मिळाल्या बघा आपल्याला," साडू म्हणाला. तेव्हा मीही हसलो होतो.

दोन्ही सायकली मी उघडल्या. सीटची नळी आत गंजून बसलेली, तिला चार दिवस रॉकेल पाजलं तेव्हा कुठं हलली. बेअरिंगच्या कटोऱ्या धुतल्या, नवे छर्रे भरले, चाकांचा आउट काढला. साडूचं काम एवढंच, चहा प्यायचा आणि बॅटरी धरायची. तीही भलतीकडे धरायचा.

मग रंगाची वेळ आली. आमच्या कारखान्यात दसरा आला की मशीन घासायचं, रंगवायचं आणि झेंडूची माळ घालायची. जुन्या वस्तूचा मान राखायची मला तेवढी एकच रीत ठाऊक. मी माझी सायकल पार लोखंडापर्यंत घासली आणि उधन्यात भट्टीचा रंग मारून आणला, लालभडक. जुनी अक्षरं, पट्टे, सगळं गेलं. साडूला म्हटलं, तुझीही देऊन टाक. तर म्हणतो, "असू द्या ना भाऊ, बघू नंतर." आळशी माणूस. ह्याच्या लग्नाची पत्रिका आम्हाला हळदीच्या दिवशी मिळाली होती.

रविवारी सकाळी डुमसच्या रस्त्यावर सायकलवाल्यांचा एक घोळका जमतो. त्यात एक गुजराती काका आहेत, जुन्या सायकलींचे जाणकार. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा काकांनी माझ्या सायकलकडे बघितलं आणि कौतुकानं विचारलं, "नवी लीधी?"

नवी घेतली का म्हणे! चार महिने हाताची कातडी सोलली, आणि हा प्रश्न! मी काही बोलायच्या आत काका साडूच्या सायकलपुढं उकिडवे बसलेसुद्धा. "आ तो ओरिजिनल कलर छे!" त्यांनी बाकीच्यांना हाका मारून बोलावलं. अशा सायकलीचं मोल तिच्या पहिल्या रंगात असतं, ओरखड्यासकट. एकदा खरवडला की संपलं, असं सगळ्यांना समजावलं. मी ब्रेकची तार नीट करायला पुढं झालो, तर मलाच म्हणाले, "आने हाथ ना लगाडता." जिचा एकेक नट मी खोलला होता तिला मी हात लावायचा नाही! आणि साडू? 'ह्यांनी केली' असं एक वाक्य त्याच्या तोंडून निघू नये? तो नुसता म्हणाला, "बस, संभाळलीय."

घरी येऊन मी चप्पल फेकली. बायको म्हणाली, "कसाले जयतस? तुम्हीच करेल शे ना ती." कशाला जळता, तुम्हीच केलीय ना. अगं बाई, तेच तर दुखणं आहे.

पुढं दर रविवारी तेच. फोटो त्याच्या सायकलचे, विचारपूस त्याची. लोचो खाताना लोक त्याच्या शेजारी जागा धरायचे. आणि एके दिवशी घोळक्यानं ठरवलं, सोनगडला टेम्पोनं सायकली न्यायच्या आणि किल्ल्यावरून दगडांच्या वाटेनं उतरायचं.

त्याआधीच्या गुरुवारी साडू ब्रेक आवळून घ्यायला माझ्याकडे आला. सोबत त्याची सहा वर्षांची मुलगी. मी काम करत होतो तेव्हा हँडलच्या खाली, दोन नळ्या जोडल्यात तिथं, मला एक बारीक तांबूस रेघ दिसली. लूमच्या बिडाला तडा गेला की आधी अशीच रेघ उमटते. सायकल तिथं मोडली तर उतारावर माणूस सरळ तोंडावर जातो. हे मला कळत होतं, आणि मी गप्प राहिलो. इथं ओट्यावर सांगून काय उपयोग? ही ओरिजिनल सायकल काकांसमोर, सगळ्यांदेखत बाद व्हावी आणि ती मी बाद करावी, अशी माझी इच्छा होती. ब्रेक आवळले, चहा पाजला, बापलेकीला निरोप दिला.

रविवारी किल्ल्यावर काका मोबाइल काढून उभे राहिले. साडू उताराच्या तोंडाशी आला तेव्हा मी ओरडलो, "थांब! खाली न्यायची नाही. फ्रेमला तडा आहे."

सगळे गोळा झाले. मी रेघ दाखवली. काकांनी चष्मा सरकवून बघितलं आणि म्हणाले, रंगातलीच रेघ वाटते. "काका, लोखंड मला कळतं," मी म्हणालो आणि खिशातला स्क्रू ड्रायव्हर काढून खरवडायला लागलो. "अरे, रहेवा दो!" काका ओरडले, पण तोवर दोन बोटं रंग उडाला होता.

खाली लोखंड चकचकीत, अखंड. मी आणखी खरवडलं. नखानं चाचपलं. तडा नव्हताच.

हायसं वाटायला हवं होतं ना? माझ्या तोंडून निघालं, "असं कसं?"

काका रंगाकडे बघून हळहळत होते. साडू रंगाकडे बघतच नव्हता.

"भाऊ, ही रेघ तुम्हाला कधी दिसली?"

"गुरुवारी," मी बोलून गेलो.

"आणि तुम्हाला तो तडाच वाटला?"

मी मान डोलावली. त्यानं हेल्मेट काढलं, हँडलला अडकवलं आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाला, "गुरुवारी पोरगी दांड्यावर होती, भाऊ."

होती. मीच तिला उचलून बसवलं होतं.