ढोकीच्या दवाखान्यातला दम

दुष्काळाच्या दिवसांत ढोकीत माझा दवाखाना होता. बाहेर फुफाटा, साखर कारखान्याचा धूर; आत खोकणारी माणसं. दमेकरी एकेका शब्दाला थांबून बोलतो, म्हणून फालतू बोलत नाही. माझ्याकडे किस्से साचले ते त्यामुळंच!

*

सोनाबाईंना जुना दमा; खडी फोडायच्या कामावर होत्या. अंग दुखलं म्हणून किराणा दुकानातली अ‍ॅस्पिरिन घेतली आणि तासाभरात छातीत शिट्ट्या! इंजेक्शन दिलं, दम बसला. मग मी समजावलं, "बाई, अंगातलं एक एन्झाइम अंगातलाच माल वापरून ठणका तयार करतं. ही गोळी त्याला अडवते. पण काही दमेकऱ्यांत तोच माल दुसऱ्या वाटेनं जातो आणि श्वासनळ्या आवळतो."

"व्हय की! बांध घातला की पाणी शेजारच्या वावरात घुसतंय."

पुढं सगळ्या पेशंटना मी हेच वाक्य ऐकवलं. नाव मात्र माझं झालं!

*

गणपतअण्णा ट्रॅक्टर चालवायचे. त्यांना दम्यासाठी थिओफिलिन दिलं. हीसुद्धा एन्झाइमच अडवणारी गोळी, पण हिनं नळ्या सैल होतात. मी सहज बोलून गेलो, "चहातही असलं औषध किंचित असतं, अण्णा."

आठवड्यानं त्यांची बायको दारात. "डॉक्टर, ह्यान्ला कायबी सांगा, पन चहाचं सांगू नका! कारखान्याच्या गावात माझ्याच घरात साखर न्हाय!"

*

याच अण्णांना पुढं येडशीला पाहुण्यांकडं असताना घशाचा त्रास झाला. तिथल्या डॉक्टरांनी एरिथ्रोमायसिन दिलं. औषध चांगलं; पण ते लिव्हरमधल्या एन्झाइमला अडवतं. थिओफिलिन अंगातून निघेना, साचत गेलं. अण्णा आले ते थरथरत, ओकत, छाती धडधडत. ठेवून घेतलं, गोळी बंद केली. सावरल्यावर मी चिडून विचारलं, "माझी गोळी चालू आहे, हे तिथं सांगायचं नाही?"

"कसं सांगू? घसाच बसला हुता की!"

*

आणि हे रामभाऊ. त्या साली त्यांच्या रानात ज्वारी उगवलीच नव्हती. विहिरीच्या तळातल्या पाण्यावर थोडी वांगी जगवलेली, त्यांच्यावर कीटकनाशक फवारलं, तेही वाऱ्याकडं तोंड करून. बैलगाडीतून आणलं तेव्हा तोंडाला फेस, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, छातीत घरघर.

"दमा उसळलाय," लोक म्हणाले. रामभाऊंना दमा कधी नव्हताच. ते विष एक एन्झाइम बंद पाडतं. मग नळ्या आवळतात, वर पाण्यानं भरतात.

त्यावरचा उतारा म्हणून मी अ‍ॅट्रोपिन देत सुटलो. होतं तेवढं संपलं, घरघर थांबेना. कंपाउंडर गफूरभाई सायकल हाणत गुरांच्या दवाखान्यात गेले.

"जनावर कुठलं?" तिथल्या डॉक्टरांनी विचारलं.

"माणूस हाय, साहेब!"

त्यांनी अख्खा डबाच दिला.

दुपारी छाती मोकळी झाली. पण इतकं अ‍ॅट्रोपिन गेलं की माणूस थोडा वेळ भ्रमात जातो. रामभाऊ खाटेवर उठून बसले आणि हवेतून काहीतरी खुडायला लागले.

"रामभाऊ, काय करताय?"

"कणसं खुडतोय, डॉक्टर. औंदा लई भरल्यात!"

त्यांची बायको सकाळपासून भिंतीला टेकून होती. ती उठली, खाटेजवळ गेली आणि तिनं पदर पसरला.