अकरावा विषय

रात्री सगळं दगडासारखं गोठलं होतं आणि सकाळी आठालाच वळचणी ठिबकायला लागल्या. आमच्या डोंगरातल्या या गावात, बार्लो नॉचमध्ये, मार्चातला असा दिवस आधी मेपलच्या झाडांना कळतो, मग माणसांना. गोठलेली रात्र नि वर कोवळं ऊन, की झाडं रस सोडतात. मग डोंगरातल्या, रस उकळून पाक करायच्या खोपटांतून वाफा निघायला लागतात.

लॉर्ना थिबो साडेपाचलाच अंगणात उभी राहून गावाच्या व्हॅनची काच खरवडत होती. अंगात वारलेल्या नवऱ्याचं, गिलचं, तपकिरी जाकीट. काच अर्धी मोकळी झाल्यावर तिला आठवलं, आज मंगळवार, आज गावसभा. अकरावा विषय व्हॅनचा: ठेवायची की बंद करायची. आज व्हॅन हलवायची नाही असं तिनंच ठरवलं होतं. ज्या गाडीचा निकाल व्हायचा तीच गाडी फिरवली तर लोक काय म्हणतील? तरी तिनं उरलेली काच खरवडून काढलीच. तेरा वर्षांचा हात, मधेच थांबत नाही.

तेरा वर्षं ती गावाची व्हॅन चालवतेय. ज्यांचे डोळे गेले, ज्यांची गाडी विकली गेली, ज्यांना कधी गाडी नव्हतीच, त्यांना चाळीस मैलांवरच्या इस्पितळात न्यायचं, औषधं आणायची, किराणा दारात ठेवायचा. रॉयस पेल्कीच्या दोन्ही किडन्या गेल्यात. सोमवार, बुधवार, शुक्रवार तो यंत्राला लागतो तेव्हा जगतो. व्हॅन बंद झाली तर रॉयस काय करणार, हे गावात कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती. निदान पूर्वी तरी नव्हती.

गेल्या दहा वर्षांत डोंगरमाथ्यावर बाहेरच्यांची बारा घरं झाली. वर्षातले पंधरा दिवस माणसं, बाकी दिवस नुसते दिवे. त्यातल्या एका घराच्या अंगणाखाली तापणाऱ्या नळ्या आहेत. बर्फ पडला की आपोआप वितळतो, त्यावर पाय ठेवायला कुणी नसलं तरी. त्याच रस्त्याच्या पायथ्याशी व्हर्ना कुटू दोन स्वेटर घालून झोपते. त्या घरांमुळं जमिनीचे भाव चढले, भावांमागून घरपट्टी चढली, आणि पट्टी का चढली म्हणून लोक बघायला लागले ते करावर चालणाऱ्या व्हॅननं फिरणाऱ्या व्हर्नाकडे.

लॉर्ना म्हणायची, "गरिबाला दिलं की फुकट, श्रीमंताला सोडलं की सवलत. माल तोच, पिशवी निराळी."

तिच्या अंगणात दर निवडणुकीला डेमोक्रॅटांची पाटी असायची, शेजारच्या अंगणात तिच्या थोरल्या दिराची, वेंडेलची, दुसऱ्या पक्षाची. दोन्ही पाट्या ठोकायला हातोडा मात्र एकच, वेंडेलचा.

जानेवारीत ते फोटोचं झालं. आमचं साप्ताहिक सहा वर्षांपूर्वी कुठल्याशा दुसऱ्या राज्यातल्या कंपनीनं घेतलं, आणि गावसभेत शेवटच्या खुर्चीवर बसून लिहिणारी बातमीदार बाई घरी बसली. आता बातमी कोण लिहितं ते कुणालाच ठाऊक नाही. तर छापून आलं असं, की गावाची व्हॅन डॉरन्सच्या दुकानासमोर उभी, वर बिअरची हातभर पाटी, आणि खाली ओळ: 'तुमच्या करावर कुणाची मौज?' डॉरन्सकडं बिअर मिळते, खिळे मिळतात, पोस्टाची तिकिटं मिळतात, आणि उजव्या अंगाला औषधांची पार्सलं द्यायची खिडकी आहे. फोटो नेमका खिडकीच्या अलीकडं कापलेला. मग टीव्हीनं तो उचलला. दोन संध्याकाळ शहरातली माणसं फोन करकरून आमच्या व्हॅनवर तावातावानं बोलली. लॉर्नाला मात्र एकाचाही फोन नाही. तिनं साप्ताहिकाला पत्र पाठवलं, ते चार ओळींत आलं, हरवलेल्या मांजराच्या जाहिरातीखाली.

"फोटो खोटा हाय का?" वेंडेलनं विचारलं होतं. त्याच्या गॅरेजात रेडिओ सकाळपासून कुणाला तरी शिव्या देत असतो.

"फोटो खरा आहे. कापलाय तो खोटा."

"म्हंजे गाडी तिथं हुती."

"तुझ्या रक्तदाबाच्या गोळ्या आणायला होती, वेंडेल."

त्यावर त्यानं रेडिओ वाढवला.

सभा दर वर्षीसारखी शाळेच्या व्यायामशाळेत. नऊ वाजता लॉर्ना स्वतःच्या जुन्या पिकअपमधून व्हर्नाला घेऊन आली. व्हर्नाच्या मांडीवर गूळ घालून भाजलेल्या घेवड्याचं मडकं. आत घड्या घालायच्या लोखंडी खुर्च्या, भिंतीपाशी लोकांनी आणलेलं जेवण. लॉर्ना नजर फिरवत होती आणि मी, तिची जुनी मैत्रीण, शेजारी बसून बघत होते की आपली माणसं कुठं नाहीत. मेपलचा रस उकळणारे डेरोशर नाहीत, पेल्की नाहीत, वरच्या वाडीतलं कुणीच नाही.

"कुठं आहेत गं सगळे?" मी विचारलं.

"रस सुटलाय ना. मीच म्हटलं, सकाळची आग सोडू नका, जेवायच्या वेळेला या. अकरावा विषय कधी जेवणाआधी आलाय का?"

नव्हता आला. माझ्या आठवणीत तरी कधीच नाही.

सभापती ॲल्डन प्रूट, वय ऐंशी, त्यानं लाकडी हातोडी आपटली, आणि पहिला विषय वाचायच्या आधीच प्रेस्टन लॅथ्रॉप उभे राहिले. तापत्या अंगणाचं घर यांचं. शहरातली नोकरी संपवून मागच्या वर्षी मतदार म्हणून नाव इथं आणलं. माणूस वाईट नाही, बोलणं मऊ.

"सभापती महाराज, माझं चारचं विमान आहे. सभेची हरकत नसेल तर अकरावा विषय आधी घ्यावा, अशी सूचना मांडतो."

दुसऱ्यानं अनुमोदन दिलं, हात वर झाले, सूचना पास. नियमाप्रमाणं सगळं बरोबर. लॉर्नाचा चेहरा गावाच्या व्हॅनसारखा पांढरा झाला.

"माझीच अक्कल," ती पुटपुटली. "मीच घरी बसवलं त्यांना."

चर्चा फार नव्हती. लॅथ्रॉप म्हणाले, "कुणाच्या अडचणीबद्दल मला आस्थाच आहे. पण माणसानं आपली सोय आपण करावी. बातम्यांत आपण सगळ्यांनी पाहिलंच."

व्हर्ना बसल्या जागेवरून म्हणाली, "म्या न्हाय पायलं. मला दिसत न्हाय, म्हणून तर गाडी लागती."

लोक हसले. पण हसणारे हातही आपल्याच बाजूनं वर करतील असं थोडंच असतं. खुर्च्या मोजल्या तर आम्ही हरलेलोच होतो.

ॲल्डननं "हात वर" म्हणायला तोंड उघडलं तशी लॉर्ना उठली. "सभापती, मला कागदावर मतदान हवंय."

"त्याला सात जण उभं ऱ्हायला लागतात, लॉर्ना. नियम ठाऊक हाय तुला."

ती उभी होतीच. मी उठले. व्हर्ना माझ्या दंडाला धरून उठली. वाढपावरच्या दोघी चमचे हातात घेऊन उठल्या. शाळेचा शिपाई उठला. सहा. ॲल्डननं दोनदा मोजलं. सहाच.

मागून खुर्ची करकरली. वेंडेल उभा राहिला होता.

"माझ्याकडं बगू नगा," तो म्हणाला. "मी विरोधातच हाय. पर शेजाऱ्याच्या तोंडावर हात वर करून त्याला गाडीतनं उतरवायचं, हे आपल्यात न्हाय. काय लिवायचं त्ये कागदावर लिवीन."

ॲल्डननं हातोडी आपटली. "सात झाले. जेवणाची घंटा हुईस्तवर पेटी उघडी."

कागदी मतदान म्हणजे आमच्याकडं सावकाशीचा कारभार. कारकून बाई यादीवर पट्टी ठेवून एकेक नाव खोडणार, मग चिठ्ठी देणार, मग माणूस लाकडी पेटीपाशी जाऊन शेजारणीची विचारपूस करणार. लॉर्ना पहिली गेली, चिठ्ठी टाकली, आणि सरळ बाहेर. डोंगरात फोन लागत नाही. माझी चिठ्ठी टाकून मी मागं धावले. तिच्या खिशात दोन किल्ल्या होत्या. व्हॅनमध्ये नऊ माणसं मावतात. तिनं अंगणातल्या व्हॅनची किल्ली एकदा पाहिली, खिशात परत टाकली आणि पिकअपचं दार उघडलं.

चिखल आणि बर्फ यांच्या मधल्या त्या रस्त्यावर तिनं पिकअप दुसऱ्या गिअरमध्ये वर चढवली. डेरोशरांच्या खोपटात वाफेनं माणूस दिसत नव्हता. मोठ्या कढईत रस खळखळत होता, आणि कोपऱ्यात खुर्ची टाकून, घोंगडी पांघरून, रॉयस पेल्की बसला होता.

"अकरावा आत्ताच चाललाय," लॉर्ना दारातूनच म्हणाली. "चला."

"अगं, आग पेटलीया," थोरला डेरोशर म्हणाला. "सोडून गेलो तर कढई जळंल."

"आणि मत न्हाय दिलं तर म्या जळीन," रॉयस शांतपणे म्हणाला. "आता बोल."

मग सगळ्यांनी मिळून एकाच माणसाकडं पाहिलं. क्लोद, डेरोशरांचा जावई, सरहद्दीपलीकडच्या क्युबेकचा. त्याला इथं मतच नाही.

"समजलो," क्लोद म्हणाला आणि झारा हातात घेतला. "अकरा वर्षांत पयल्यांदाच ह्या घरात माझा उपेग झाला."

रॉयस पुढं आमच्यात, मागं पिकअपच्या हौद्यात सात जण एकमेकांना धरून उभे. वाटेत पेल्कींच्या खोपटाशी भोंगा वाजवला, ते आपली गाडी काढून मागून आले. व्यायामशाळेत शिरलो तेव्हा रांगेत चौघंच उरली होती आणि वाढपावरच्या बाईनं घंटा हातात घेतलेली. आम्हाला बघून तिला एकाएकी घेवड्यात मीठ आहे की नाही बघावंसं वाटलं. दोन वेळा बघितलं. गुळाच्या वासाची, बुटांना चिखल लागलेली तेरा माणसं रांगेला लागली, मग घंटा झाली.

मोजणी स्टेजवर, सगळ्यांसमोर. त्र्याऐंशी विरुद्ध शहात्तर. व्हॅन राहिली.

कुणी ओरडलं नाही. आमच्यात तशी रीत नाही. नुसता सगळ्या खुर्च्यांमधून एक श्वास सुटल्याचा आवाज आला. लॉर्ना दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसून राहिली, मग तिनं उठून दोन ताटल्या घेवडा नि मक्याचा पाव खाल्ला, आणि तिसऱ्यांदा वाढून घेतलं. गेले दोन महिने ती नीट जेवली नव्हती हे मला तेव्हा कळलं. लॅथ्रॉप हात मिळवायला आले. "अभिनंदन. तुम्ही चिवट आहात."

"विमान चुकवू नका," लॉर्ना म्हणाली. "आणि कधी गुडघा मोडला तर सांगा. माथ्यावरही येते व्हॅन."

ते हसले, मनापासून. साप्ताहिकाचं कुणी आलं नव्हतं. त्यामुळं ह्यातलं काही छापून येणार नव्हतं, आणि त्या दिवशी त्याचंही आम्हाला काही वाटलं नाही.

दुपारी लॉर्नाच्या अंगणात परत आलो तर वेंडेल व्हॅनपाशी उकिडवा बसून मागच्या टायरवर अंगठा फिरवत होता.

"काय लिहिलंस चिठ्ठीवर?" लॉर्नानं विचारलं.

"गुप्त असतं त्ये." तो उठला. "ह्यो टायर झिजलाय. उद्या रॉयसला किती वाजता नेणार?"

"सहाला."

"मंग आज संध्याकाळी आण गॅरेजात."

"रेडिओ बंद करशील?"

"बारीक करीन."

तो गेला. ऊन उतरलं होतं, वळचणीचे थेंब पुन्हा सावकाश व्हायला लागले. रात्री परत गोठणार. लॉर्नानं व्हॅनच्या मागचा, निसरड्या बर्फावर टाकायच्या वाळूचा डबा उघडून पाहिला, अर्धाच होता. तिनं फावडं उचललं आणि वाळू भरायला लागली.