बस मागे न घेणारा मुदर्रिब

“ईद तक टिकेगा, बस. उससे आगे नहीं.”

कुट्टी अंकल फोनवर कुणाला तरी सांगत होते. ते आमच्या क्लबचे अकाउंटंट. बोलताना ते खिडकीबाहेर बघत होते, म्हणून मीही बघितलं. बाहेर क्लबची बस इंजिन सुरू ठेवून उभी होती आणि तिच्या मागे दोन्ही हात पसरून एक उंच, पांढऱ्या केसांचा, उन्हानं लाल झालेला माणूस उभा होता. ड्रायव्हर खानचाचा आरशात बघून हॉर्न वाजवत होते. खेळाडू मागच्या काचेला नाकं लावून हसत होते. तो माणूस काही हलत नव्हता.

हे आमचे नवे मुदर्रिब. अरबीत प्रशिक्षकाला मुदर्रिब म्हणतात. त्यांना एक रीतसर बॉस्नियन नाव होतं आणि ते मी पुष्कळदा टाईप केलं होतं, पण ते कुणी उच्चारायच्या भानगडीत पडत नसे. अरब, पठाण, मल्याळी सगळेच त्यांना मुदर्रिब म्हणत. माझी आई तर ‘मुदर्रिबसाहेब’ असं म्हणायची, आपल्याकडे देशमुखसाहेब म्हणतात तसं.

बसची भानगड अशी होती की सामन्याच्या दिवशी एकदा संघ बसमध्ये बसला की बस मागे घ्यायची नाही. त्यांच्या देशात म्हणे सगळे फुटबॉलवाले हे पाळतात. “संघ पुढे जातो,” ते म्हणाले. “मागे गेलेली बस म्हणजे अर्धा हरलेला सामना.” शेवटी खानचाचांनी बस पुढे काढली, बाजूच्या फाटकातून मैदानाला वळसा घातला आणि काचेतून डोकं बाहेर काढून ओरडले, “साहब, इतने साल गाड़ी चलाया, रिवर्स गियर से ऐसी दुश्मनी किसी की नहीं देखी!”

त्यावर मुदर्रिबांचा चेहरा उजळला. “दुश्मन! हा तर आमचा शब्द!” तुर्कांनी त्यांच्याकडे नेऊन ठेवलेले कितीतरी शब्द खानचाचांच्या ओळखीचे निघाले. साबण, बक्षीस, खिशाला जेब. एवढ्या भांडवलावर त्या दोघांची जी दोस्ती जमली ती पाहून कुट्टी अंकलना कोडं पडायचं. “साबुन और दुश्मन में ये लोग घंटा भर क्या बात करता है, मोळे?” ते मला विचारायचे. मल्याळीत मोळे म्हणजे ‘अगं मुली’. मी खांदे उडवायची.

तेव्हा मी पत्रव्यवहारानं बी.कॉम. करत होते आणि दुबईजवळच्या फुजैऱ्याच्या त्या क्लबात टायपिस्ट होते. बाबा बंदरात तेलाच्या टर्मिनलवर होते. त्यांच्या ओळखीनं ही नोकरी लागली, कारण परदेशी प्रशिक्षकांची कागदपत्रं इंग्रजीत लागत आणि ऑफिसात इंग्रजी नीट लिहिणारं कुणी नव्हतं. ऑफिसातलं माझं बोलणं ‘येस सर’, ‘ओके सर’ आणि ‘डन सर’ एवढ्यात भागत असे.

मुदर्रिबांच्या इंग्रजीत क्रियापदं क्वचितच असत. नामं आणि हातवारे पुरेत, असं त्यांचं मत होतं; इथली क्रियापदं माझी. त्यांची कारकीर्द मीच टाईप केली, त्यामुळे ती मला पाठ होती. नदीकाठच्या एका गावात बचावपटू. मग तिथल्याच कारखान्याच्या संघाचे प्रशिक्षक. संघ त्यांनी वरच्या गटात नेला आणि त्याच सुमारास लढाई सुरू झाली. त्यापुढची काही वर्षं कागदावर कोरीच होती. त्या जागी काय लिहू, म्हणून मी बोट ठेवून त्यांच्याकडे बघितलं. ते म्हणाले, “लिही, पावसामुळे सामने रद्द.”

त्यानंतर तुर्कस्तान, मग आखात. रास अल खैमाच्या क्लबनं त्यांना हंगामाच्या मध्यावर काढलं, पुढच्या क्लबनं त्याहूनही लवकर. इकडे ही रीतच होती. दोन सामने हरले की मुदर्रिब बदलायचा, जसा आपण ट्यूबलाइटचा स्टार्टर बदलतो. त्यांना त्याचं काही वाटत नसल्यासारखं ते बोलायचे. “लोक पैसे देऊन अमिराती बघतात. मला पगार देऊन दाखवतात. क्लब म्हणतो खलास, की मी पुढची अमिरात बघायला मोकळा.”

ऑफिसात आल्यावर ते आधी कॉफी करायचे. स्वतःचं लांब दांड्याचं तांब्याचं भांडं ते बरोबर आणत. त्यातली कॉफी इतकी दाट की कुट्टी अंकल तिला डांबर म्हणायचे. ती ते माझ्या टेबलाच्या कोपऱ्यावर बसून प्यायचे आणि पुढच्या सामन्याची मांडणी करायचे. त्यासाठी पिना, खोडरबर, जे हाताला लागेल ते चालायचं. दिवाळीत आईनं शंकरपाळ्यांचा डबा दिला, तर त्यांनी पूर्ण संघ शंकरपाळ्यांचा मांडला. मागे चार, मध्ये चार, पुढे दोन आणि फायलीच्या कडेला गोलकीपर.

“हा बघ, आमचा उजवा विंगर. धावत नाही. चेंडूची वाट बघत उभा राहतो.” आणि त्यांनी तो विंगर उचलून तोंडात टाकला. “छान! हा खेळाडू कुणी केला?”

“माय मदर,” मी म्हणाले.

“आईला सांग, असे अजून तीस हवेत.”

आईनं पुढच्या आठवड्यात डबा पुन्हा भरून दिला. वर म्हणाली, “अगं, एकटे राहतात ना ते? मग काय खात असतील बिचारे!”

एकदा मैदानाच्या आवाराकडे बघत ते मला म्हणाले, “तू उत्तम लेफ्ट बॅक झाली असतीस.” मी बघतच राहिले; लेफ्ट बॅक म्हणजे डाव्या बाजूचा बचावपटू. “खरंच. लेफ्ट बॅककडे कुणी बघत नाही आणि तो सगळ्यांकडे बघतो. फक्त एक अडचण आहे. लेफ्ट बॅकला ओरडता आलं पाहिजे. मागून माणूस आला तर कोण सांगणार?” कुट्टी अंकल खो खो हसले. मी मान खाली घालून टाईप करू लागले, पण दिवसभर मला बरं वाटत होतं.

ते एकटे राहत हे खरं होतं. बायको आणि मुलगी लढाईत जर्मनीला गेल्या होत्या. आता जर्मन सरकार म्हणत होतं, लढाई संपली, परत जा. परत जायचं म्हणजे कुठे, तर ज्या घराला छप्परच उरलं नव्हतं तिथे. म्हणून त्यांनी क्लबच्या नावानं दोघींचा व्हिसा मागितला होता. त्याचे कागद माझ्याच हातून गेले होते. मुलीच्या फोटोत कपाळावर केस आलेले होते, वय माझ्याहून पाच-सहा वर्षांनी कमी. क्लबचा व्हिसा नोकरीला बांधलेला. मुदर्रिबांना काढलं की त्यांचा जाईल आणि त्यांच्याबरोबर दोघींचाही. हे ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं. म्हणून प्रत्येक सामन्याच्या दिवशी कुट्टी अंकल, फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नसताना, रेडिओला कान लावून बसायला लागले.

हिवाळ्यात संघ सारखा हरू लागला. दोघींचा व्हिसा मंजूर झाल्याचा फॅक्स आला त्याच आठवड्यात क्लबचे मॅनेजर अबू राशीद ऑफिसात आले. मनानं चांगला माणूस, पण निर्णय घ्यायची फार घाई. त्यांनी माझ्यादेखत मुदर्रिबांना सांगितलं, “रास अल खैमाला हरलात तर खलास.”

“इन्शाल्ला, जिंकू,” मुदर्रिब म्हणाले आणि फॅक्स घडी करून छातीच्या खिशात ठेवला. दोघी येत्या गुरुवारी उतरणार होत्या.

त्या सामन्याला मी गेले नव्हते. जे घडलं ते मला त्या दिवशी रेडिओ सोडून बसमधून गेलेल्या कुट्टी अंकलनी आणि खानचाचांनी वेगवेगळ्या वेळी सांगितलं आणि नवल म्हणजे ते जुळलं. अबू राशीद त्या दिवशी स्वतः बसमध्ये पुढे बसले होते. स्टेडियमच्या जवळ खानचाचा चुकून भलत्याच गल्लीत शिरले. समोर गोदामाची भिंत. बस मागे घेतली असती तर एका मिनिटाचं काम होतं.

“रिवर्स!” अबू राशीद म्हणाले.

“नाही!” मुदर्रिब म्हणाले.

खानचाचांनी एकदा पगार देणाऱ्याकडे बघितलं, एकदा दोस्ताकडे. मग त्यांनी इंजिन बंद केलं, चावी काढली आणि जेबमध्ये टाकली. “मैं पानी पीने जाता हूँ,” म्हणाले आणि खरंच गेले.

मुदर्रिबांनी अख्खा संघ खाली उतरवला. पोरं बॅगा खांद्यावर टाकून उन्हातून स्टेडियमला वळसा घालत पायी गेली. पोचली तेव्हा रेफरी घड्याळ बघत उभा होता. अंग गरम करायलाही वेळ मिळाला नाही. पहिल्या काही मिनिटांतच गोल बसला, पुढे एकही झाला नाही आणि आम्ही एका गोलनं हरलो. परतीच्या वाटेवर अबू राशीद एकच शब्द बोलले. तो कुठला, हे सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी मुदर्रिब रोजच्या वेळी आले. त्यांनी कॉफी केली आणि पहिल्यांदाच एक कप माझ्यापुढेही ठेवला. “बस मागे घेतली असती तर तीन गोल बसले असते,” ते म्हणाले. आम्ही हसलो नाही, तेव्हा तेच हसले. मग मैदानाकडे निघून गेले. खेळाडू कुणीच आलेले नव्हते. ते एकटेच गोलपोस्टची जाळी नीट बांधत होते.

तेवढ्यात अबू राशीद आले. कालचा राग अजून उतरला नव्हता, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर तो चुकीचाही नव्हता. खुर्चीत न बसताच ते मला म्हणाले, “बिंती,” म्हणजे पोरी, “लिही. मुदर्रिबांचा करार आजपासून संपला. सगळे व्हिसा रद्द करायचे.”

मी कीबोर्डकडे बघितलं. कुट्टी अंकलनी कॅल्क्युलेटरवर काहीतरी बडवायला सुरुवात केली, त्यात आकडे नव्हते. अबू राशीद वाट बघत होते. खिडकीतून मुदर्रिबांची पाठ दिसत होती. त्यांना इथलं काहीच कळत नव्हतं. माझा आवाज निघेल असं मलाही वाटलं नव्हतं. निघाला.

अबू राशीद माझ्याकडे असे बघत राहिले की जणू कोपऱ्यातलं फायलींचं कपाटच बोललं होतं. मग ते खाली बसले. पाणी मागितलं. खिडकीतून बाहेर बघितलं. बऱ्याच वेळानं कुट्टी अंकलना म्हणाले, “माझ्या ड्रायव्हरला सांग, गुरुवारी माझी गाडी दुबईला विमानतळावर न्यायची आहे.” आणि करारावर एक शब्दही न बोलता निघून गेले.

मुदर्रिब तो हंगाम टिकले आणि पुढचाही. बायकोनं आल्या आल्या त्यांच्या फ्लॅटला पडदे लावले. कागदासारख्या पातळ पोळीत खिमा भरून ती जे करायची, त्याला आईच्या मते मोठी करंजीच म्हणायला हवं होतं. मुलीला माझ्याच जुन्या शाळेत प्रवेश मिळाला. वर्षभरात तिला आमच्याकडचं हिंदी माझ्याहून बरं येऊ लागलं. मग रीतीप्रमाणे एका हरलेल्या सामन्यानंतर क्लबनं त्यांना काढलंच. पण तेव्हा ते तिघं होते. सामान खानचाचांनी भरून दिलं. गाडी मस्कतच्या रस्त्याला लागली तेव्हा मुदर्रिब काचेतून ओरडले, “यल्ला, चला, आता ओमान बघायचा!” कुट्टी अंकलसाठी ते कॉफीचं एक पाकीट ठेवून गेले होते. अंकल ती पुढचं वर्षभर रोज थोडी थोडी करून प्याले, तोंड वाकडं करत.

त्या दिवसाची गोष्ट कुट्टी अंकल अजूनही फोनवर सांगतात आणि दर वेळी माझं भाषण थोडं वाढतं. हल्ली त्यात मी उठून उभी राहते आणि टेबलावर हात आपटते. मी काही उभी राहिले नव्हते. हात मांडीवरच होते, आणि आवाज इतका लहान होता की अबू राशीदांना पुढे वाकावं लागलं. मी एवढंच म्हणाले, “सर, गुरुवारी त्या दोघी उतरतील तेव्हा त्यांना परत जा म्हणून सांगायला विमानतळावर कोण जाणार, ते आधी सांगा. मग मी टाईप करते.”