तीन स्पेलिंगांचे घराणे

"आमच्या घराण्यानं एका साम्राज्याला चारशे वर्षं उजेड दाखवला," असे म्हणून ते सिंककडे वळत आणि आमचे कॉफीचे कप विसळायला घेत.

हे वाक्य पहिल्यांदा ऐकले तेव्हा मी कप खाली ठेवून नीट उभा राहिलो होतो. साम्राज्य म्हटले की आपल्याकडचा माणूस उभा राहतोच. मग पाहिले तर विभागातले बाकीचे सगळे बसूनच होते. त्यांनी ते पुष्कळदा ऐकले होते, आणि आपला कप विसळायच्या कपांत गेला की नाही, एवढ्याकडेच त्यांचे लक्ष होते.

ही स्टुटगार्टमधली, दोन हजार तीन-चारच्या सुमाराची गोष्ट. मी पुण्याहून दोन वर्षांच्या करारावर आलो होतो आणि मग राहिलो, जसे सगळे राहतात. ब्रेकचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीच्या मापनकक्षात माझे टेबल होते आणि शेजारचे टेबल त्यांचे. ते बल्गेरियाचे. बायको वारल्यावर एकोणीसशे नव्वद साली बारा वर्षांच्या मुलीला घेऊन ते जर्मनीत आले होते. त्यांचे पहिले नाव मी कधी वापरले नाही, म्हणून इथेही लिहीत नाही. जर्मनीत वर्षानुवर्षे शेजारी बसणारा माणूसही 'हेर अमुक'च, म्हणजे 'श्रीयुत अमुक'च, राहतो. ते हेर मशालजिएव. मला ते 'हेर कोलेगे', म्हणजे सहकारी महाशय, अशी हाक मारीत. माझे आडनाव उच्चारायला फार अवघड आहे, असे त्यांचे म्हणणे होते. मशालजिएव नावाच्या माणसाचे हे म्हणणे होते, हे लक्षात घ्यावे.

काम मात्र असे, की पाहत राहावे. प्रत्येक भाग ते तीनदा मोजत आणि तिसरे माप लिहून ठेवत. मी कारण विचारले.

"पहिलं माप माझ्या हाताचं. दुसरं माझ्या अपेक्षेचं. तिसरं त्या भागाचं."

आमच्याकडे या विषयावर दोन दिवसांचे प्रशिक्षण झाले होते, रंगीत पुस्तिकेसह. त्यात एवढे सांगितलेले नव्हते.

त्यांची एक लकब मला पहिल्या वर्षीच कळली. बल्गेरियन माणूस 'हो' म्हणताना मान आडवी हलवतो. इथे आल्यावर गैरसमज नकोत म्हणून ते प्रयत्नाने जर्मनांसारखी उभी मान हलवायला शिकले होते. पण एखादा भाग तिन्ही वेळा अगदी हवा तसा भरला, की त्यांची मान आपोआप आडवी हलायची, आणि नवा साहेब तो भाग बाद म्हणून बाजूला ठेवायला जायचा. मी सांगायचो, "थांबा, ते खूश आहेत." माझी स्वतःची मान तर हो आणि नाही या दोन्हींच्या मधे कुठेतरी हलते. आम्हा दोघांना एकत्र प्रश्न विचारणे त्या साहेबाने पुढे सोडून दिले.

आडनावाचा उलगडा एका दुपारी झाला. मशाल म्हणजे काय ते ते मला हातवारे करून समजावू लागले. काठी, चिंध्या, तेल.

"मशाल," मी म्हणालो. "आमच्याकडेही मशालच म्हणतात. आणि ती धरणारा मशालची."

त्यांच्या हातातला कप पाण्याखाली तसाच राहिला. तुर्कांच्या अमदानीत त्यांच्याकडे हा 'ची' आला आणि त्याचा 'जी' होऊन त्याला पुढे 'एव' लागले. आपल्याकडे फारसीच्या वाटेने आला आणि तोफची, नगारची, खजिनची करून गेला. एकच शेपूट, दोन टोकांना. त्यांनी मला तो शब्द चार वेळा म्हणायला लावला आणि नळ बंद केला.

"गेनाऊ, अगदी बरोबर," ते म्हणाले. "म्हणजे तुमच्याकडेही आम्ही पुढे चालत होतो."

त्यांच्या सांगण्याप्रमाणे मूळ पुरुष पाशाच्या घोड्यापुढे मशाल घेऊन चालत असे. मला पुण्याची सवय. आमच्याकडे प्रत्येकाचा पूर्वज पेशव्यांना सल्ला देणाराच असतो. पेशव्यांची घोडी धुणाऱ्याचे वंशज अजून मला भेटलेले नाहीत. पण घोड्यापुढे चालणारा निदान पायी तरी होता.

घरी बायकोला हे सांगितले. ती नगरची. तिचे मामा तिथल्या लष्करी मेसमध्ये होते.

"अहो, मशालची म्हणजे भांडी घासणारा," ती म्हणाली. "मामांच्या मेसमध्ये दोन होते. एकाचं नाव पांडू. मशालबिशाल काही नाही, मोठमोठे टोप घासायचे."

"मशाल धरणारा भांडी कसा घासायला लागला?"

"ते मला काय माहीत. तुम्ही त्यांना सांगू नका म्हणजे झालं."

मी सांगितले नाही.

दोन हजार पाचमध्ये त्यांच्या मुलीचे लग्न ठरू लागले. मुलगी फिजिओथेरपिस्ट, मुलगा म्युलर. म्युलर हे आडनाव जर्मनीत इतके, की कुठल्याही वर्गात नुसती हाक मारली तर दोघे वळून पाहतील. मुलगी लग्नानंतर म्युलर होणार, हे ते धरूनच चालले होते. तिला त्याबद्दल त्यांनी अवाक्षर विचारले नाही. पण सिंकपाशी एकदा मला म्हणाले, "आमच्या गावात या नावाची दोनच घरं. एक आमचं. दुसरं आमच्याशी न बोलणारं. त्या घरातली शेवटची बाई, शाळेत शिकवायची, बिनलग्नाची, ती गेल्या वर्षी गेली."

"मग आता?"

"आता न बोलणारंही कुणी राहिलं नाही."

मी इंजिनियर. माणसाचे दुःख ऐकले की मला यादी करावीशी वाटते. टेलिफोनची सगळी जर्मनी तेव्हा सीडीवर मिळे. त्यांनी तिच्यात आपले नाव पूर्वी शोधले होते, पण स्वतःच्या स्पेलिंगने. मला ठाऊक होते, की त्यांच्या जुन्या पासपोर्टावर नाव फ्रेंच पद्धतीने होते, इथल्या कचेरीने ते जर्मन पद्धतीने लिहून घेतले आणि नवा पासपोर्ट इंग्रजी पद्धतीचा आला. देवनागरीत हा प्रश्नच येत नाही, पण टेलिफोनची सीडी देवनागरी वाचत नाही. मी तिन्ही स्पेलिंगे घालून पाहिली. स्टुटगार्टचे ते स्वतः, आणि शिवाय आणखी दोन पत्ते निघाले.

"दोन घरं सापडली," मी त्यांना सांगितले. यादी दाखवली नाही. त्या आठवड्यात आमच्याकडे ऑडिट होते, आणि पत्ते हाती पडते तर ते दुपारच्याच गाडीने निघाले असते. "तुम्ही पत्र लिहा. मी टाकतो पोस्टात."

त्यांनी दोन दिवस खपून पत्र लिहिले, अर्धे बल्गेरियनमध्ये, अर्धे जर्मनमध्ये. सुरुवात 'प्रिय नामबंधू' अशी. खाली घराण्याचा इतिहास, साम्राज्यासकट. शेवटी एकच प्रश्न: 'आपल्याला मुलगे आहेत का?' मी पाकिटांवर पत्ते टाकले, एक बाड हॉम्बुर्गचा आणि एक हायडेलबर्गचा, आणि पोस्टात टाकली. त्यांनी पाहुण्यांसाठी द्राक्षांच्या दारूची बाटली आणून घरच्या फळीवर ठेवली.

बाड हॉम्बुर्गचे पाकीट चौथ्या दिवशी 'इसम अज्ञात' शिक्क्यासह परतले. नवव्या दिवशी ते सकाळी माझ्या टेबलापाशी आले.

"हेर कोलेगे, उत्तर आलं."

"कुणाचं?"

"माझं."

त्यांनी पाकीट पुढे केले. हायडेलबर्गचा पत्ता खोडून शेजारी थरथरत्या अक्षरात त्यांचाच स्टुटगार्टचा पत्ता लिहिला होता. नव्वद साली ते तिथे एका विधवा बाईंकडे खोली घेऊन राहिले होते. त्याआधी काही महिने बाड हॉम्बुर्गला. फोन केव्हाच बंद झाले होते. नोंदी तेवढ्या, वेगवेगळ्या स्पेलिंगांत, मागे राहिल्या होत्या. बाईंना ते दर नाताळला कार्ड पाठवत, म्हणून त्यांच्याकडे नवा पत्ता होता. आत पत्र लिहिणाऱ्याला उद्देशून बाईंची चिठ्ठी होती; सही त्यांनी पाहिलीच नसावी: 'हे गृहस्थ आता इथे राहत नाहीत. अतिशय सज्जन भाडेकरू. त्यांना मुलगा नाही, एक मुलगी आहे. कृपया त्यांना त्रास देऊ नये.'

मी मान खाली घातली. यादी आधी दाखवली असती तर हे सगळे तीन मिनिटांत आटोपले असते.

"आल्झो, तर मग," ते म्हणाले, "जर्मनीत आमची तीन घरं आहेत. तिन्हींत मीच आहे."

मग हसले, कप गोळा केले आणि विसळले. त्या दिवशी साम्राज्याचे वाक्य आले नाही. ते न आल्याचे विभागात सगळ्यांच्या लक्षात आले; एकाने तर स्वतःचा कप स्वतः पुसला.

पुढच्या वर्षी, लग्नाआधी, त्यांनी आम्हा दोघांना रविवारी जेवायला बोलावले. भरलेल्या मिरच्या होत्या, मुलगी होती, तो म्युलर होता. उंच, अबोल; बोलला तर हवामानावर. जेवण झाल्यावर त्याने सुरी-काटा नीट समांतर ठेवला.

"हेर मशालजिएव," तो म्हणाला, "आम्ही दोघांनी ठरवलंय. लग्नानंतर मी तुमचं नाव घेतो. म्युलर भरपूर आहेत. एक कमी झाला तर कुणाला कळणार नाही."

म्हाताऱ्याने नुसती मान हलवली. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. थांबेचना.

म्युलरचा चेहरा पडला. "नको का? मला वाटलं—" मुलगी नेमकी कॉफी आणायला आत गेलेली.

"थांबा," मी म्हणालो. "ते हो म्हणतायत."

"हे हो आहे?"

"इतकं हो मी तीन वर्षांत पाहिलं नाही."

बायको मला हळूच मराठीत म्हणाली, "अहो, तिकडे बघत बसू नका. त्यांना जरा डोळे पुसू द्या." मग मुलगी कॉफी घेऊन आली आणि आम्ही चौघे बराच वेळ भरलेल्या मिरच्यांविषयी बोललो.

खरी अडचण आठवड्याने विवाह-नोंदणी कचेरीत निघाली. बल्गेरियात बायकांचे आडनाव आकारान्त होते: बाप मशालजिएव, मुलगी मशालजिएवा. जर्मनीत आडनावाला लिंग नाही. कचेरीतल्या बाईंनी स्पष्ट सांगितले, की वधूच्या जन्मदाखल्यावर जे आहे तेच नाव जोडप्याला मिळेल, शेवटच्या 'आ'सकट. नवऱ्यालाही. पुढे मुलगे झाले तर त्यांनाही.

"माझा जावई बाई होणार," ते सिंकपाशी म्हणाले.

"कागदावर."

"जर्मनीत कागदाबाहेर काय असतं, हेर कोलेगे?"

वेगळा अर्ज करून आधी मुलीचे नाव पुल्लिंगी करून घेण्याची काही वाट निघते का, हे कचेरी पाहणार होती; पण त्याला भाषांतरे, शिक्के आणि किती महिने लागतील ते कुणी सांगेना. लग्नाचा दिवस ठरला होता.

"आमच्या गावात हसतील," ते म्हणाले. एक कप धुतला, तोच पुन्हा धुतला. तिसऱ्यांदा धुतला तेव्हा मी ओळखले, की माप घेऊन झाले आहे.

"हसू देत," ते म्हणाले. "हसायला तरी नाव घ्यावं लागेल."

बल्गेरिया युरोपीय संघात आला त्याच वर्षी ते लग्न झाले. भाषणे पहिल्या घटनेवर पुष्कळ झाली, पण आमच्या विभागाला दुसरीच महत्त्वाची वाटली.

ते निवृत्त झाले त्या दिवशी मात्र मला राहवले नाही. इतकी वर्षे एक माप खिशात ठेवून हिंडल्यासारखे वाटत होते. ते शेवटचे कप विसळत होते. मी म्हणालो, "एक सांगायचं राहिलंय. आमच्याकडच्या मेसमध्ये मशालची म्हणजे भांडी घासणारा."

त्यांनी नळ चालूच ठेवला. रागावले असे वाटले नाही. कोडे सोडवत असावेत.

"साहजिक आहे," ते म्हणाले. "मशाल रात्री लागते. दिवसा त्या माणसानं काय करायचं? बसून खायचं? कुणीतरी म्हटलं असेल, भांडी घास." मग मान हलवली. आडवी. "चांगला माणूस असणार. नाही म्हणाला नाही."

माझ्या बायकोला आणि मला न सुटलेली गोष्ट त्यांनी एक कप धुवायला लागतो तेवढ्या वेळात सोडवली होती. घराण्याच्या अभिमानाला धक्का बसेल म्हणून मी चार वर्षे ती लपवत होतो. अभिमान कशाचा आहे हे मी नीट मोजलेच नव्हते.

दोन वर्षांनी ते गेले. अंत्यविधीनंतर आम्ही मुलीच्या घरी कॉफीला जमलो. कंपनीतले सातआठ जण आले होते, आणि पूर्वीप्रमाणे कुणीच आपला कप उचलला नाही. उठलो तेव्हा पाहिले, जावई बाह्या सरसावून सिंकपाशी उभा होता. डिशवॉशर शेजारीच होता. मी टॉवेल घेऊन पुसायला लागलो.

काहीतरी बोलायचे म्हणून मी म्हणालो, "मशालची या शब्दाचा आमच्याकडे काय अर्थ होतो, ठाऊक आहे?"

"हो," तो म्हणाला. "निवृत्त झाले त्याच दिवशी त्यांनी फोन करून सांगितलं. म्हणाले, आता नाव पूर्ण झालं."

विभागात त्यांच्यानंतर सिंकवर पाटी लागली: 'आपला कप आपण धुवावा.' ती अजून आहे. कपही आहेत.

नवी टेलिफोनची सीडी आली तेव्हा मी सवयीने तिन्ही स्पेलिंगे घालून पाहिली. एकही घर निघाले नाही. मग शेवटी 'आ' लावून पाहिला. सबंध जर्मनीत त्या नावाचा एकच पुरुष आहे. जन्माने म्युलर.