पोरीचे गुडघे

माझी मुलगी दहावीत असताना तिचे गुडघे दुखायला लागले. ती शाळेकडून पंधराशे मीटर धावायची. सकाळी ढाणकीबाहेरच्या डांबरी रस्त्यावर तिचा सराव चाले. पहिले काही दिवस ती काही बोललीच नाही. मी मशीनवर ब्लाऊज शिवत होते, तेव्हा माझं लक्ष गेलं. अभ्यासावरून उठताना ती भिंतीला हात टेकून उठली, अगदी मी उठते तशी.

मग सगळे करतात ते आम्ही केलं. तेल चोळलं, शेक दिला, गुडघ्याचा पट्टा आणला. शाळेतल्या सरांनी बूट बदलायला लावले. एक्स-रेत काही निघालं नाही. डॉक्टरांनी धावणं बंद करायला सांगितलं, तिनं केलं. दीड महिना झाला तरी दुखणं जागचं हललं नाही. एसटीनं उमरखेडला जायचं, नंबर लावायचा, गोळ्या घेऊन परत यायचं. तिच्या बाबांना वाटायला लागलं, पोरगी नाटक करते. थकलेली असले की मलाही तसं वाटून जाई.

शेवटी कुणीतरी उमरखेडच्या एका फिजिओथेरपीवाल्या बाईंकडे जायला सांगितलं. बाईंनी तिला एका पायावर अर्धं बसायला लावलं, मांड्या दाबून पाहिल्या. मग विचारलं, धावणं बंद आहे तर दिवसभर काय करतेस?

ती सांगत गेली. झाडणं, फरशी पुसणं, दोन्ही वेळची भांडी, कपडे. सुट्टीत काकाच्या वावरात विळ्यानं सोयाबीन सोंगायला.

"हे सगळं उकिडवं बसूनच ना?" बाईंनी विचारलं.

"हो. आईले खाली बसनं होत नाही."

मी हातातल्या पिशवीकडे पाहत राहिले. बाई रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या की धावणं तासाभराचं होतं, हे त्याहून जास्त आहे. गुडघ्याला आराम मिळालाच नाही. त्यांनी मांडीत ताकद येण्याचे व्यायाम दिले. माझं चालणं पाहून मलाही दोन दिले.

परतताना एसटीत मी तिला विचारलं, "मले आधी काहून नाही सांगितलं?"

ती खिडकीबाहेर पाहत होती. "सांगून काय करू? भांडे कोनं घासले असते? तुह्ये गुडघे तर आधीच गेले."

पुढच्या रविवारी तिच्या बाबांनी उभ्यानं भांडी घासायला अंगणात विटांचा कंबरेएवढा ओटा बांधला. दिवसभर ते त्याच कामात होते. पुसायला लांब दांड्याचं फडकं आणलं. व्यायाम ती तोंड पाडून करायची, चुकवायची, मी आठवण केली की चिडायची. फरक पडायला तीन-चार महिने लागले. त्या वर्षीची स्पर्धा गेली. पुढच्या वर्षी ती मैदानावर उतरली, आठवी आली, निवड झाली नाही. त्या दिवशी ती जेवून लवकर झोपली.

आता ती बारावीत आहे. आठवड्यातून तीन दिवस शाळेच्या मैदानावर, मातीत धावते. जास्त झालं की गुडघा कुरकुरतो, मग दोन दिवस थांबते. सकाळची भांडी तिचे बाबा उभ्यानं घासतात, संध्याकाळची ती. माझे ते दोन व्यायाम मात्र रोज राहून जातात.